चारच दिवस तर आहेत, मॅडम!

"चारच दिवस तर आहेत, मॅडम. तेवढ्यानं काय बुडतंय?"

सातारा-सांगलीच्या कुठल्याही शाळेत, कुठल्याही महिन्यात, शाळा बुडवून पोराला सहलीला नेणाऱ्या पालकांचं हे वाक्य आम्हा शिक्षकांच्या कानावर पडतं. आणि ते म्हणायची वेळ बघा. जायच्या आधी नाही. पोरगं आठवडाभर गायब होऊन, नाक सोलवटून, हातात गोव्याचं ब्रेसलेट घालून वर्गात आलं की मग.

आधी ते चार दिवस मोजूया. बुधवारी रात्रीची स्लीपर बस, म्हणून बुधवारी मधल्या सुट्टीतच दप्तर उचललं. गुरुवार, शुक्रवार गेले. शनिवारी सकाळची शाळा, आणि सकाळची शाळा म्हणजे शाळाच नव्हे असं अर्ध्या पालकांनी परस्पर ठरवून टाकलंय. रविवार फुकटचा. सोमवारी रात्री परतीची बस, मंगळवारी पहाटे घरी, म्हणून मंगळवारी दिवसभर झोप. एसी बसचा गारठा आणि समुद्राचं पाणी, त्यामुळं बुधवारी सर्दी. चाराचे साडेसहा झाले. आणि हा हिशेब एका सहलीचा. कास पठारावरचा बुधवार, मावसबहिणीच्या लग्नाची हळद धरून तीन दिवस आणि मांढरदेवीची यात्रा अजून यात धरलेलीच नाही.

कासचा बुधवार हा खास साताऱ्याचा रोग. सप्टेंबरमध्ये पठारावर फुलं आली की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, हे खरं. मग हुशार माणूस काय करतो? मधल्या वारी जातो. बायकोची रजा, स्वतःची रजा, आणि पोराची रजा तर विचारायचीच नाही. तिकडं सप्टेंबर म्हणजे पहिल्या सत्राचा गाभा. जून-जुलै पावसात आणि उजळणीत गेलेला असतो, ऑगस्टला सणांची रांग, ऑक्टोबरला संकलित चाचणी, म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. सलग शिकवायला मिळतो तो हाच महिना.

आता बुडतं काय ते सांगते. उदाहरण पाचवीच्या गणिताचं घ्या, धडा अपूर्णांक. सोमवारी सममूल्य अपूर्णांक झाले: १/२ म्हणजेच २/४, म्हणजेच ३/६. मंगळवारी समच्छेद अपूर्णांकांची बेरीज. बुधवार-गुरुवारी भिन्नच्छेद अपूर्णांक, म्हणजे छेद आधी सारखे करायचे आणि मगच मिळवायचे. शुक्रवारी वजाबाकी. शनिवारी सराव. पोरगं पुढच्या आठवड्यात आलं, फळ्यावर १/२ + १/३ आहे, आणि ते बिनधास्त उत्तर लिहितं २/५. वरचं वरच्यात, खालचं खालच्यात. एक अधिक एक दोन, दोन अधिक तीन पाच. त्याच्या दृष्टीनं यात काही चूक नाही, कारण छेद सारखे का करायचे हे त्यानं बघितलेलंच नाही. पोळीचे दोन भाग आणि तीन भाग शेजारी ठेवून तुकडे सारखे नाहीत हे दाखवलं, तेव्हा स्वारी बागा बीचवर होती.

बरं, ते तिथंच थांबत नाही. पुढं दशांश अपूर्णांक येतात, मग शेकडेवारी, मग नफा-तोटा, मग सरळव्याज. हे सगळं त्याच एका पायावर उभं. सातवीत पालक म्हणतात, "गणितात जरा कच्चाच आहे हो आमचा." कच्चा नाही ओ, गैरहजर आहे. शिकवणीवाल्याला पैसे मोजण्याआधी पाचवीचा हजेरीपट उघडून बघा.

पहिलीचं तर विचारूच नका. "पहिली तर आहे, त्यात काय शिकवताय?" अहो, पहिलीत वाचायला शिकवतोय. एकेक अक्षरगट, मग काना, मग वेलांटी, मग मात्रा. एक गट चुकला की त्यातल्या अक्षरांचा पुढचा प्रत्येक शब्द मूल चित्र बघून ठोकून देतं. 'कमळ'च्या जागी 'फूल' वाचतं, आणि घरी कौतुक, की वाचायला लागलं!

नववी-दहावीत विज्ञानाचं प्रात्यक्षिक असतं. साहित्य मांडायचं, गट पाडायचे, करायचं, धुऊन ठेवायचं. एका पोरासाठी तो पसारा परत मांडायला ना वेळ ना रसायन. मग ते पोरगं मित्राची प्रयोगवही उतरवतं. "निरीक्षण: निळा लिटमस तांबडा झाला." न बघितलेल्या गोष्टीचं निरीक्षण! दहावीत विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, तेव्हा हेच पालक विचारायला येतात की दोन कमी का पडले.

आता एक सोयीस्कर गैरसमज. "आठवीपर्यंत नापास करत नाहीत." २०१९ ला शिक्षण हक्क कायदा बदलला आणि २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही गेलं तर त्याच वर्गात. दुसरं, मूल्यमापन म्हणजे फक्त शेवटचा पेपर नव्हे. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३०. तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला निम्मंनिम्म, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिक म्हणजे काय? तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. हे सगळं वर्गात, रोजच्या रोज होतं. पोरगं नसेल तर नोंद कशाची करायची? त्याच्या रिकाम्या बाकाची? मग आम्ही परत चाचणी घेतो, त्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढतो, कारण आधीच्या चाचणीतले प्रश्न तोवर शेजारणीकडून त्याच्या घरी पोचलेले असतात. हे सगळं चाळीस पोरं सांभाळत. द्विशिक्षकी शाळेत तर दोन-दोन वर्ग एकाच खोलीत सांभाळत. वरून मतदारयाद्यांचं सरकारी काम.

दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरी लागते. त्यावर गणित मांडणारे महाभाग आहेत: "२३० दिवसांतले ५७ बुडवता येतात की!" येतात. पण त्या ५७ मध्ये ताप, डेंग्यू, आजीचं ऑपरेशन, दोन लग्नं, पुराच्या पाण्यानं बंद पडलेला रस्ता हे सगळं बसवायचं असतं. कृष्णाकाठच्या माणसाला पुराचं वेगळं सांगायला नको. गोव्यात आधीच सात दिवस उडवले आणि जानेवारीत कावीळ झाली, की मग फेब्रुवारीत शाळेच्या पायऱ्या झिजवायच्या आणि "कोल्हापूरच्या बोर्डात कुणी ओळखीचं आहे का" म्हणून फोन फिरवायचे.

या सगळ्याहून डोकं फिरतं ते खोट्यानं. सहलीचा अर्ज कुणी देतच नाही. चिठ्ठी येते: "माझ्या पाल्यास ताप आल्यामुळे." सोबत ओळखीच्या डॉक्टरचा दाखला, तारखा अगदी बसच्या तिकिटाला जुळणाऱ्या. आणि आईच्या स्टेटसला त्याच तारखेला पॅराग्लायडिंग. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे आहेत, हे माणसं विसरतात कशी? पण स्टेटस सोडा. त्या आठ वर्षांच्या लेकराला दारात उभं करून "बाईंनी विचारलं तर ताप आला होता म्हण" असं पढवता, त्याचं काय? ते येतं, मान खाली घालून म्हणतं "ताप होता". शेजारचं पोरगं खुसखुसतं, कारण डॉल्फिन बघितल्याचं त्याला आधीच सांगून झालेलं असतं. मग दुपारपर्यंत ते कुणाशी बोलत नाही. तुम्ही दिलेलं खोटं ते एकटं सांभाळत बसतं आणि तुम्ही ऑफिसात फोटो दाखवत असता.

सुट्ट्या कमी पडतात म्हणता? शाळांना वर्षाला रविवार सोडून ७६ पर्यंत सुट्ट्या असतात. दिवाळीची मोठी सुट्टी, मे महिना ते जूनचा मध्य, आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्याही. यादी जूनमध्येच हातात पडते. दिवाळी कधी आहे हे तर आदल्या वर्षीच भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरात छापलेलं असतं. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीच्या तिकिटासाठी साधारण ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरमध्ये एक सकाळ मोबाईल घेऊन बसायचं, एवढंच. ते होत नाही, आणि मग "तिकीटच मिळेना हो" म्हणत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरं सत्र सुरू होऊन चार दिवस झाले की कुटुंब निघतं.

खर्चाचं मात्र मान्य. पाडवा-भाऊबीज आणि त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार या दिवसांत हॉटेलवाले आणि खासगी बसवाले अक्षरशः लुटतात. पण ऑफिसं भाऊबीजेनंतर लगेच उघडतात आणि शाळेची सुट्टी पुढं काही दिवस चालू असते. ते मधले वार बघा. गर्दी ओसरलेली असते, दर खाली येतात. जूनचा पहिला आठवडा बघा, पावसाच्या भीतीनं लोक कोकणात जायचं टाळतात, शाळा १५ च्या आसपास उघडते. आंबा घाटातून गणपतीपुळ्याला जाऊन यायला दोन-तीन दिवस पुरतात. पण नाही! आपल्याला जोडून सुट्टी पाहिजे. २०२४ ला १५ ऑगस्ट गुरुवारी आला आणि १९ ला सोमवारी राखीपौर्णिमा. झालं, मधले शुक्रवार-शनिवार सरकारनं गिळले असं समजून वर्गातली निम्मी पोरं गायब. त्या दोन दिवसांत आलेल्या पोरांना नवीन शिकवायचं की नाही? शिकवलं तर निम्म्यांचं बुडतं, नाही शिकवलं तर प्रामाणिकपणे आलेल्यांचं बुडतं.

इंग्लंडात असं केलं तर दंड बसतो. दहा आठवड्यांत पाच दिवस विनापरवाना बुडाले की प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागं ८० पौंड, तेही २१ दिवसांत भरले तर, नाहीतर १६०. आपल्याकडं दंड नकोच. दंड आला की "भरतो की, पावती फाडा" म्हणून जायला माणसं मोकळी.

सगळ्यांना एका काठीनं हाकत नाही. अपशिंगेसारख्या फौजी गावात बाप सहा-आठ महिन्यांनी रजेवर आला आणि पोरगं चार दिवस त्याच्या मागं फिरलं, तर त्याला बोलायची कुणाची छाती नाही. एसटीतल्या चालक-वाहकाला दिवाळीतच जादा गाड्या ओढाव्या लागतात. पोलिसाला बंदोबस्त. तासगावच्या द्राक्षवाल्याची दिवाळी छाटणीनंतरच्या फवारण्यांत जाते, त्याला श्वास मिळतो तो माल गेल्यावर. विट्या-खानापूरची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी कुटुंबं देशभर पांगलेली, गावच्या जत्रेला नाही यायचं तर कधी यायचं? आणि यातली बहुतेक माणसं आधी येऊन सांगतात, अर्ज देतात. न सांगता जाणारे बघावे तर शनिवार-रविवार सुट्टीवाले, ज्यांची रजा त्यांच्या हातात आहे असे.

जायचंच आहे ना? जा. पण आठ-दहा दिवस आधी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, कारण खरं लिहा, तारखा स्पष्ट लिहा. वर्गशिक्षकांना एवढंच विचारा: त्या दिवसांत चाचणी आहे का, प्रात्यक्षिक आहे का, गणितात नवीन धडा सुरू होतोय का. तिन्हीला "नाही" असेल तर खुशाल जा. शाळा उघडल्यावरचे पहिले दोन आठवडे, चाचणीच्या आधीचा आठवडा आणि मार्चनंतरचे दिवस सोडा. दहावीला तर दिवाळीनंतर नावच काढू नका, जानेवारीत पूर्वपरीक्षा असते. आल्यावर मित्राची वही आणून नुसती उतरवून घेऊ नका. उतरवल्यानं अक्षर सुधारतं, गणित नाही. रोज एक तास बसवा, एका दिवसाचं एकदा, क्रमानं. आधी सममूल्य, मग समच्छेद, मग भिन्नच्छेद. साडेसहा दिवस बुडवलेत, तर पुढच्या सात संध्याकाळी तुमच्या. ते काम आमचं नाही, सहल तुमची होती.

आणि रात्री साडेदहाला वर्गाच्या ग्रुपवर "आठवड्याचा सगळा अभ्यास फोटो काढून टाका ना प्लीज" असा मेसेज टाकू नका.

काजूचं पाकीटही नको. वही पूर्ण करून पाठवा.