खुलासा: रेखाचित्र म्हणजे फोटो नव्हे

नाशकातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतंय: ‘पोलिसांच्या रेखाचित्राशी चेहरा जुळला, म्हणजे खुनी तोच.’ हे साफ चूक आहे. रेखाचित्र साक्षीदाराच्या आठवणीतून उतरतं. भुवया, नाक, जबडा एकेक विचारत. आपण मात्र चेहरा अखंड लक्षात ठेवतो. पंचवटीत रोज ज्याच्याकडून भाजी घेता, त्याचं नुसतं नाक सांगून पाहा.

अमेरिकेत १९८४ साली एका लहान मुलीच्या खुनात कर्क ब्लड्सवर्थ रेखाचित्रासारखा दिसतो, असा निनावी फोन आला. पाच साक्षीदारांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. १९९३ मध्ये डीएनएने तो निर्दोष ठरला. खरा खुनी कळायला २००३ उजाडलं.

साम्य वाटलं तर ११२ वर कळवा. कुणाचा फोटो रेखाचित्राशेजारी जोडून फिरवू नका, कळकळीची विनंती.