गरम सीट आणि सासूबाई
हिवाळ्यात कमोडची विजेवर गरम होणारी सीट म्हणजे वृद्धांना आराम, असं अशा सीटवरच्या एका लेखात म्हटलंय. खरंय, पण एक धोका राहून गेला. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, संवेदना कमी झाल्यात. सीट ४० अंशांच्या आसपासच असते, तरी अशा माणसाला बराच वेळ बसून नकळत भाजू शकतं, कारण चटका जाणवतच नाही. त्या बसल्या की आम्ही हीटर बंदच करतो. आणि कृपा करून जपानहून आणलेली १०० व्होल्टची सीट आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नका! अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. बोअरच्या पाण्याचे क्षार सीटच्या नोझलवर (धुण्यासाठी पाण्याची धार सोडणाऱ्या नळीवर) साचतात. मऊ टूथब्रशने काढा, ॲसिड नको.