पाना बायकांच्या हातात द्या

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या घरातली फ्लशची टाकी ११ दिवस गळत होती. रात्रभर पाणी वाहून पहाटे गच्चीवरची टाकी रिकामी व्हायची आणि आई रोज प्लंबरला फोन करायची. अखेर तो आला, टाकीखालचा अँगल कॉक बंद केला, आतला झिजलेला वायसर बदलला आणि दहा मिनिटांत निघून गेला. आई मला फोनवर म्हणाली, "अगं, पाणी बंद करायची चावी तिथेच होती, आणि मला बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलंच नाही."

त्या वाक्यामुळे गेल्या वर्षी आम्ही पुण्यातल्या आमच्या सोसायटीत बायकांसाठी घरदुरुस्तीचा वर्ग सुरू केला. चार रविवार, १३ जणी, आणि शिकवायला आयटीआयमधून निवृत्त झालेले एक निदेशक. त्यांची अट एकच होती: ते करून दाखवणार नाहीत, प्रत्येकीने स्वतः नळ उघडायचा. मेन कॉक बंद करणे, स्पिंडल म्हणजे नळातला फिरणारा दांडा काढणे, वायसर बदलणे, आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळणे, हे सारे वाचून कळते, पण पाना किती जोराने आवळायचा हे मनगटालाच शिकावे लागते.

विजेच्या दोन रविवारांचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवला तर सॉकेट तापून वितळते. हे साधे गणित दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या आमच्यापैकी एकीनेही कधी घरातल्या बोर्डाला लावून पाहिले नव्हते. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज बंद आहे असे समजायचे नाही, आधी चालू पॉइंटवर लावून तो चांगला असल्याची खात्री करायची, हेही तिथेच कळले. साधारणतः ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणाऱ्या आरसीसीबी या सुरक्षा-स्विचवर चाचणीचे एक बटण असते. १३ पैकी ११ जणींनी ते कधीच दाबले नव्हते, आणि एकीच्या घरी ते दाबूनही वीज गेली नाही, तेव्हा तिने त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला. आपण कुठे थांबायचे आणि जाणकाराला कधी बोलवायचे, हेही अशा वर्गात शिकवायलाच हवे. गिझर उघडणे, भिंतीतले वायरिंग बदलणे, गॅसच्या जोडणीत हात घालणे ही आमची कामे नव्हेत, असे आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

हा वर्ग फक्त बायकांसाठी कशाला, असे काही पुरुष सभासदांनी विचारले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण एका रविवारी मदतीला आलेल्या दोघांनी, ड्रिल मशीन धरताना एकीचा हात थरथरला तेव्हा, "द्या इकडे" म्हणत ते तिच्या हातून घेतले आणि भोक पाडून मोकळे झाले. आपल्या घरात आयुष्यभर नेमके हेच होत आले आहे. पुढच्या रविवारी त्याच बाईने आधी स्विचबोर्डाच्या सरळ वरची जागा टाळली, कारण तिथून वायरी जातात, मग खूण केली, भोक पाडले, गट्टी ठोकली आणि खुंटी बसवली. तिला वीस मिनिटे लागली. तेवढी वीस मिनिटे तिला कुणी दिलीच नव्हती.

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम असे. याच पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथल्या कार्यक्रमातून शाळांतल्या मुली मुलांबरोबर वेल्डिंग आणि विजेची कामे शिकल्या. म्हणजे मार्ग आपल्याच जिल्ह्यात आखून ठेवलेला होता, तरीही शहरातल्या आमच्या पिढीच्या हाती सुईच आली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी तुकडी दिवाळीनंतर बसेल आणि आई त्यासाठी साताऱ्याहून येणार आहे. सरावासाठी जुने नळ, नादुरुस्त फ्लशच्या टाक्या आणि जळलेले स्विचबोर्ड लागतात. तुमच्या माळ्यावर असतील तर भंगारात घालू नका, आमच्याकडे पाठवा.