जुलाब लागलेत? पाजा साखरपाणी!

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूरकराच्या घरात दोनच चौकश्या असतात : कूलरमध्ये पाणी आहे का, आणि पोट कोणाचं बिघडलंय. कूलरचं तुमचं तुम्ही बघा. पोटाबद्दल माझे सल्ले घ्या, फुकट आहेत.

ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या पावडरीच्या, पाकिटावर एक लिटर पाणी लिहिलंय ना? पेलाभर घ्या. औषध कडक तर गुण लवकर! रक्तात सोडियम वाढून पोराला झटके आले, तर डॉक्टरला शिव्या द्यायला आपण मोकळेच.

पाणी नको वाटलं तर दुधात घाला.

उरलेलं द्रावण चोवीस तासांनी कशाला फेकता? पैसे काय झाडाला लागतात?

झिंकच्या गोळ्या 14 दिवसांच्या असल्या तरी जुलाब थांबताच बंद करा.

आणि औषधाच्या दुकानदारावर डोळे मिटून विश्वास ठेवा. परवा भाचीच्या लेकरासाठी ओआरएस आणायला गेलो. काउंटरवरच्या पोरानं रंगीत डबा पुढे सरकवला. म्हटलं, "भाऊ, पावडरचं पाकीट दे." म्हणतो, "काका, तेच आहे ना हे, फ्लेवरवालं. पोट्टे आवडीनं पितात."

पितील नाही तर काय! सरबतच ते! लिटरभर खऱ्या ओआरएसमध्ये ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. त्यातलं ग्लुकोज चवीला नसतं. ते आतड्यातून सोडियमला आत नेतं, सोडियममागं पाणी जातं. साखर बेसुमार झाली की उलट शरीरातलंच पाणी आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पटकीची माणसं वाचवली. कोणाला आंब्याचा फ्लेवर लागला नव्हता! आणि आपल्याकडे? डब्यावर ठळक 'ओआरएस' आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'हा डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला नाही'. एवढी ओळ छापली की झालं, अशी मुभा 2022 पासून होती. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ती काढून घेतली. नाव गेलं, पण ओआरएस मागितलं की दुकानदाराचा हात अजून त्याच डब्याकडं जातो, कारण पाकिटात नफा सुटत काय असेल!

अहो, लाज वाटू द्या थोडी. औषधाच्या दुकानाची पाटी लावून बसलाय, पानठेल्याची नाही. समोरची बाई पोर कडेवर घेऊन उन्हात उभी आहे, तिला काय देतोय ते कळायला नको?

आणि तुम्ही! क्रिकेटचा स्कोअर बघायला चष्मा सापडतो, पाकीट उलटून 'आयपी', म्हणजे भारतीय औषधसंहितेची खूण, लिहिलंय का ते बघायला सापडत नाही? आशाताई फुकट पाकीट देतात ते कपाटात कुजवता. पाणी मोजून घ्या, अख्खं पाकीट घाला, चमच्या-चमच्यानं पाजा. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरला विचारा, त्यात पोटॅशियम असतं. आणि पोर सुस्त पडलं, लघवी होईना, तर व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत बसू नका. मेयो इस्पितळात न्या, मेडिकलला न्या, पण आत्ता न्या.