राजदूत व्हायचंय? मग आधी एक बंडखोर कादंबरी लिहा

गेल्या रविवारी आमच्याकडे एक छोटं साहित्य संमेलन होतं. मला एका कथेसाठी उत्तेजनार्थ बक्षीस होतं, म्हणून आम्हा सगळ्या बक्षीसवाल्यांना साडेदहालाच मांडवाबाहेर उन्हात रांगेत उभं केलं, कुणी हलायचं नाही, पाहुणे कुठल्याही क्षणी येतील म्हणे. पाहुणे आले दीडला. एकेकाळचे बंडखोर कवी, हल्ली कुठल्याशा सरकारी समितीवर. भाषणाचा विषय, लेखकाने सत्तेला प्रश्न विचारलेच पाहिजेत. मला तेव्हा एकच प्रश्न विचारायचा होता, मुतारी कुठंय.

आणि तिथंच मला मेका आठवला. आफ्रिकेतल्या, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या कॅमेरूनच्या फर्दिनां ओयोनोच्या कादंबरीतला म्हातारा. यानं आपली जमीन मिशनला दिलेली, दोन पोरं फ्रान्ससाठी लढताना गमावलेली, आणि त्याबद्दल गोरा साहेब १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवशी, त्याला पदक देणार. मग काय, चुन्यानं आखलेल्या गोलात उभा केला बिचाऱ्याला, डोक्यावर ऊन, पायात चावणारे बूट, आणि लघवी दाबून धरलेली. मोठे साहेब यायचेत ना अजून! त्याच रात्री वादळात पदक हरवतं आणि गोऱ्यांच्या वस्तीत फिरतोस म्हणून पोलीस त्यालाच आत टाकतात. मी तर हसून हसून रडलो होतो वाचताना.

तर मंडळी, हे लिहिणारा माणूस पुढे कुठवर पोचला ते बघा आणि शिका. होतकरूंसाठी फुकट मार्गदर्शन करतोय.

पहिलं म्हणजे बंड तरुणपणीच उरकून घ्या. ओयोनोनं १९५६ साली एका वर्षात दोन कादंबऱ्या काढल्या, एक ही मेकाची आणि दुसरी तुंदी नावाच्या घरगड्याच्या डायरीची, जो गोऱ्या कमांडंटच्या घरातलं सगळं बघतो आणि त्यापायी जिवानिशी जातो. वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस.

दुसरं, ज्याची सत्ता जायला आलीय त्याच्याच विरुद्ध लिहा. कॅमेरून १ जानेवारी १९६० ला स्वतंत्र झाला. टायमिंग बघा.

तिसरं, १९६० ला तिसरी कादंबरी काढा आणि पेनाला कायमचं टोपण लावा.

चौथं, राष्ट्राध्यक्ष बदलला तर आपण बदलायचं नाही, फक्त भिंतीवरचा फोटो बदलायचा. आधी अहिजो, मग १९८२ पासून पॉल बिया. त्या दोघांचं पुढे इतकं फाटलं की अहिजोला परदेशात असतानाच फाशी सुनावली गेली, पण आपले ओयोनोसाहेब दोन्हीकडे फिट्ट. पॅरिसला राजदूत, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत, युनिसेफच्या मंडळाचे अध्यक्ष, १९९२ पासून परराष्ट्रमंत्री, १९९७ पासून दहा वर्षं संस्कृतिमंत्री. आपल्याकडे लोक एका महामंडळासाठी झुरतात!

पाचवं, जुन्या सोबत्याचं पुस्तक बाजारात आलं तर मित्र म्हणून अभिनंदन... नाही, हे जरा सविस्तर सांगावं लागेल. मोंगो बेती. हाही कॅमेरूनचा, यानंही त्याच १९५६ साली मिशनऱ्यांची टर उडवणारी कादंबरी लिहिलेली, म्हणजे लोक ही दोन नावं जोडीनंच घ्यायचे. फरक एवढाच की हा स्वातंत्र्यानंतरही गप्प बसेना. १९७१ च्या जानेवारीत अहिजो सरकारनं एर्नेस्ट वांदिए या बंडखोर नेत्याला बाफूसाममध्ये भर चौकात गोळ्या घातल्या, त्याच प्रकरणात एका बिशपलाही मृत्युदंड सुनावला (तो नंतर जन्मठेपेवर आणला), आणि बेतीनं त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं की बाबांनो स्वातंत्र्य कसलं, धनी तोच आहे, फक्त मुकादम आपला बसवलाय. १९७२ ला पॅरिसमध्ये पुस्तक निघालं आणि फ्रान्सच्या गृहमंत्र्यानं लगेच बंदी घातली. कुणाच्या सांगण्यावरून? कॅमेरून सरकारच्या. आणि त्या सरकारतर्फे पॅरिसमध्ये राजदूत कोण? तुंदीचा बाप! मेकाचा बाप! ज्या फ्रेंच साहेबाची त्यानं पानोपानी उतरवली, त्याच साहेबाच्या दारात, दुसऱ्या लेखकाचं पुस्तक दाबा म्हणून. प्रकाशक कोर्टात झगडला तेव्हा कुठं १९७६ ला बंदी उठली. बेती तीस-बत्तीस वर्षं मायदेशी जाऊ शकला नाही, फ्रान्सात पोरांना शिकवत राहिला, १९९१ ला परतला आणि मग राजधानी याउंदेत पुस्तकांचं दुकान टाकलं. म्हणजे एकाच शहरात एक जण संस्कृतिमंत्री, दुसरा गल्ल्यावर बसून पुस्तकं विकतोय.

सहावं, सत्कार नाकारू नये.

सातवं सुचत होतं, पण आता खरंच डोकं फिरलंय. नव्या देशाला शिकलेली माणसं लागतात, राजदूत कुणीतरी व्हावंच लागतं, हे मलाही कळतं हो. नोकरी करा, गाडी घ्या, कोण नको म्हणतंय? लिहिणं थांबलं तरी चालेल, सगळ्यांचं कधी ना कधी थांबतं. पण दुसऱ्याचं थांबवायला जाऊ नका ना! आणि तुम्ही, रविवारचे पाहुणे, तुमच्या त्या जुन्या कविता मला पाठ आहेत, कॉलेजात वहीत उतरवून घेतल्या होत्या मी, म्हणून तर तीन तास गुमान उभा राहिलो. त्या कवितांच्या जिवावर हार घेता आणि साधं उशीर झाला म्हणून सॉरी म्हणवत नाही? रांगेत माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई होत्या, पहिल्या कवितासंग्रहाला बक्षीस मिळालेल्या, त्या चक्कर येऊन खाली बसल्या तर कार्यकर्ता म्हणतो, आजी उठा, फोटोत मोकळी जागा दिसेल. तुम्ही गाडीतून उतरताना बघितलंत ते. बघितलंत आणि शाल सारखी केलीत. लाज वाटायला पाहिजे.

आणि आयोजकहो, माझ्या प्रशस्तिपत्रावर कथेचं नाव चुकलंय. बदलून द्या.