मोर नाचलाच पाहिजे

नव्यानेच शाळेत रुजू झालात आणि पाचवीला निबंध शिकवायचाय म्हणता? मग आधी फळा स्वच्छ पुसा आणि वर लिहा, 'पावसाळ्यातील एक दिवस'. पहिलं वाक्यही तुम्हीच लिहा, पोरांच्या भरवशावर सोडू नका: 'आकाशात काळे ढग दाटून आले होते.' दुसऱ्या वाक्यात वीज कडाडली पाहिजे, तिसऱ्यात मातीचा सुगंध, चौथ्यात मोर. मोर राहिला तर दोन गुण गेलेच म्हणून समजा.

एखादं आगाऊ कार्टं विचारेल, "बाई, मुंबईत हिंदमाताला मोर कुठून येणार?" राजभवनात आहेत म्हणून सांगा आणि खाली बसवा.

हल्ली सर्जनशील लेखनाचं एक खूळ निघालंय. मुलांना पाच मिनिटं खिडकीशी उभं करायचं आणि काय दिसलं, काय ऐकू आलं, कसला वास आला ते लिहायला सांगायचं. मी रजेवर असताना बदलीवर आलेल्या बाईंनी माझ्या वर्गात हे करून घेतलं. एकाने वडे तळतानाचा आवाज लिहिला. एकीने घरचंच काढलं: 'पानी दुसऱ्या पायरिला लागलं तेव्हा आजिने आधी तांदळाचा डबा माळ्यावर चढवला मग देवाचा फोटो.' डबा आधी आणि देव नंतर! शिवाय तीन चुका, स्वल्पविराम वेगळाच. मी आल्यावर सगळ्याला लाल गोल केले आणि शेरा मारला, 'विषयाला धरून लिही. मोर?'

साखळी गोष्टीच्या नादी तर लागूच नका. एकाने एक वाक्य लिहून वही मागे सरकवायची, असला तो प्रकार. पहिल्या बाकावर आटपाट नगरात असलेला राजा तिसऱ्या बाकापर्यंत विरार फास्टच्या दारात लटकलेला असतो. त्यात वर्ग हसतो, आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई मुख्याध्यापकांकडे जातात.

त्यापेक्षा शुद्धलेखन घ्या. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली आणखी ४. हे अठराही पहिल्या ओळीपासून लागू करा. 'फूल' दीर्घ आणि 'फुलात' ऱ्हस्व का, असं विचारलं तर "नियम आहे" म्हणा. दोन महिन्यांत मुलं फुलांबद्दल लिहायचंच सोडतात, मग चुकणार कुठे?

पालकांची भीती बाळगू नका, ते आपल्याच बाजूचे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आजचे कितीतरी आईबाप त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून, एकमेकांचे हात धरून घरी पोचलेत. पण लेकराच्या वहीसाठी त्यांना विचारा, गाईड उघडून मोरच काढून देतील.

ती डब्यावाली मुलगी यंदा सातवीत आहे. परवा तिचा निबंध तपासला. ढग, वीज, सुगंध, सगळं ओळीने, एकही चूक नाही. मोरही होता. दुसऱ्या पायरीवर नाचत होता. तेवढी पायरी खोडली आणि दहापैकी नऊ दिले.