‘हेडसेट आहे की उशी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वायरलेस गेमिंग हेडसेट कसा पारखायचा या लेखाखाली तुम्ही खरमरीत लिहिलंय. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: निम्मे गुण आरामाला देणं म्हणजे हेडसेटची उशी करणं, ५० मिमी ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) हेडसेट ४० मिमीवाल्याच्या खाली ठेवलात, आवाज इक्वलायझर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारी सोय) लावून तपासलात, ही तर फसवणूक, ब्ल्यूटूथला सरळ नापास केलंत, आणि माझा नवा हेडसेट डोंगलवर (यूएसबीत लावायच्या छोट्या वायरलेस रिसीव्हरवर) खरखरतो, त्यावर लेखात अवाक्षर नाही. शेवटी प्रश्न: तो परत करू का?

आधी उशीचं बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच सुटतं. आराम आणि आवाज अशी दोन खाती आम्ही गुणांच्या सोयीसाठी पाडली, पण हेडसेटमध्ये दोन्हीचं मूळ एकाच ठिकाणी असतं, कानाभोवतीच्या कुशनमध्ये. बंद पाठीच्या, म्हणजे कप मागून बंद असलेल्या हेडसेटमध्ये कुशन, गाल आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये हवेची एक छोटी कोंडलेली जागा तयार होते. ती जागा नीट बंद राहिली तरच खालचा आवाज, साधारण २०० हर्ट्झच्या खालचा, कानापर्यंत पोचतो. कुठं फट राहिली की बास गळतो. फट नको म्हणून पकड घट्ट केली तर तासाभरात कानशिलं ठणकतात. म्हणजे न दुखता फट बंद ठेवणारं कुशन ही आरामाचीही कसोटी आणि आवाजाचीही. तिला निम्मे गुण दिले तर बिघडलं कुठं?

हे घरी पाच मिनिटांत तपासता येतं. मोबाईलवर किंवा पीसीवर कुठलाही टोन जनरेटर उघडा. ४०० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा, मग आवाज तोच ठेवून ४० हर्ट्झवर या. ४० नेहमीच हळू ऐकू येतो, कान असाच असतो, त्यानं दचकू नका. आता दोन्ही तळव्यांनी कप हलकेच डोक्याकडे दाबा. टोन एकदम फुगला तर फट आहे. किंचितच बदलला तर ठीक. चष्मा असेल तर एकदा घालून, एकदा काढून हेच करा. काडी जिथं कुशनखाली जाते तिथं आधी गळती होते, आणि जाड प्लॅस्टिकच्या काडीनं जास्त. शेवटी टोन चालू असताना टीममध्ये बोलता तसं बोला, जबडा हलवा. कानाखालचा भाग वरखाली झाला की पातळ कुशन तिथं उचकटतं, आणि नेमकं बोलताना आवाज पोकळ होतो. लोक तेव्हा माईकला नाहीतर गेमला दोष देतात.

‘आराम ज्याचा त्याचा’ हे तुमचं म्हणणं खरं, पण म्हणूनच तो मोजायचा असतो. पट्टी घ्या आणि कानाची उंची, रुंदी आणि कान डोक्यापासून किती बाहेर येतो ते मोजा. मोठ्या माणसाचा कान साधारण ६० ते ६५ मिमी उंच असतो. कुशनचं आतलं भोक त्याहून लहान असेल तर पाळी दबते आणि अर्ध्या तासात गरम होते. खोली मात्र कोणीच बघत नाही. ड्रायव्हरवरच्या जाळीला कान टेकला की त्या एका बिंदूवर दुखायला लागतं. आपल्या कोल्हापुरात तर याचा विचार आधी हवा, कारण तालमीत घाम गाळलेल्या कित्येकांचे कान मोडलेले असतात. कूर्चेवर रक्त साकळून ते घट्ट झालं की कान जाड होतो आणि बाहेर येतो. अशा कानाला १५ मिमी खोलीचं कुशन म्हणजे शिक्षाच; २२ ते २५ मिमी बघा, आणि जाळीमागे फोमचा पातळ थर आहे की कडक प्लॅस्टिक, ते बोटानं दाबून बघा. पैलवानांनी हलका हेडसेट शोधण्याआधी खोल हेडसेट शोधावा.

वजनाबद्दल एवढंच की निव्वळ आकड्याला अर्थ कमी. लॉजिटेकचा जी ४३५ हा १६५ ग्रॅमचा, तर ऑडीझीचा मॅक्सवेल ४९० ग्रॅमचा, जवळजवळ तिप्पट. तरी रुंद झुलत्या पट्ट्यावर वाटलेलं वजन टाळूच्या एका रेघेवर पडलेल्या निम्म्या वजनापेक्षा सुसह्य असतं. टाळू दुखते तेव्हा बहुतेकदा हेडबँड कमी खेचलेला असतो. दोन्ही बाजूंचे टकटक मोजून एकेक घर वाढवा, कपाचा मध्य कानाच्या भोकासमोर येईपर्यंत. दोन्ही बाजूंना घरं सारखीच हवीत असं नाही, डोकी वाकडी असतात.

पकड मोजायला सामान तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा पुरतो. एक कप टेबलाच्या कडेला पक्का धरा, दुसऱ्याला दोरीचा फास घालून ओढा, आणि कुशनांमधलं अंतर तुमच्या डोक्याच्या रुंदीएवढं, म्हणजे १४ ते १६ सेंमी, झालं की आकडा वाचा. आमच्या मते ४०० ते ६०० ग्रॅम ठीक. ७०० च्या पुढं चष्मेवाल्यांनी जाऊ नये, आणि ३०० च्या खाली मान खाली घातली की हेडसेट सरकतो. पकड जास्त असेल आणि पट्टीत आतून स्टील असेल, तर डोक्यापेक्षा एक-दोन सेंमी रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा. सगळं प्लॅस्टिक असेल तर हा उद्योग नको. कप जिथं फिरतो त्या सांध्यालाच चीर जाते. आणि फार सैल केलात तर पुन्हा ४० हर्ट्झ गळणार, हे विसरू नका.

आता ५० मिमी. मोठा ड्रायव्हर म्हणजे मोठा किंवा चांगला आवाज, हे डब्यावरचं गणित आहे. पडदा कशाचा, मागं हवेला वाट किती, कुशन काय, यावर आवाज ठरतो. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या ओळीचंही तेच. किती डेसिबलच्या चढउतारात, हे लिहिलं नसेल तर ती ओळ नसल्यासारखीच. तुमच्या पसंतीच्या हेडसेटला आम्ही खाली ठेवलं ते त्याच्या फुगलेल्या बासमुळे. स्फोटाला मजा येते, नाकारत नाही. पण खालचा जोरदार आवाज वरच्या हळू आवाजाला झाकून टाकतो, आणि बीजीएमआय असो की व्हॅलोरंट, मागून येणारी पावलं त्यातच बुडतात. त्यातून अॅपमधलं ७.१, म्हणजे आभासी सराउंड आवाज, चालू! डावं-उजवं कळतं ते दोन कानांत पोचणाऱ्या आवाजाच्या वेळेतल्या फरकावरून, जो जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाच्या आतबाहेर असतो, आणि तीव्रतेच्या फरकावरून. वर-खाली मात्र बाहेरच्या कानाच्या वळणांनी ५,००० हर्ट्झच्या वर जे बदल होतात त्यावरून कळतं. गेम स्वतः एचआरटीएफनं (डोकं आणि कान आवाज कसा बदलतात त्या गणितानं) हे बदल घालत असेल आणि त्यावर हेडसेटनं आपलं ७.१ चढवलं, तर दिशा रंगासारखी फिसकटते. दोन्हीपैकी एकच ठेवा, आणि शक्यतो गेमचं.

इक्वलायझरला फसवणूक म्हणू नका राव. मूळ आवाज आम्ही आधी तसाच ऐकतो. इक्वलायझर नंतर येतो, तो ड्रायव्हर किती सुधारतो हे बघायला. पीसीवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे. १५० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल कमी करा आणि २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २ डेसिबल वाढवून पावलं ऐका. कुठलाही पट्टा वाढवलात तर प्रीअॅम्प, म्हणजे एकूण पातळी, तेवढाच खाली आणा, इथं उणे २; नाहीतर मोठ्या स्फोटाला आवाज फाटतो आणि दोष ड्रायव्हरवर जातो. कन्सोलवर खेळत असाल तर सेटिंग हेडसेटच्या स्वतःच्या मेमरीत राहतं का, हे विकत घेण्याआधी विचारा. इक्वलायझर दोन गोष्टी दुरुस्त करू शकत नाही: कुशनची गळती आणि खडखडणारा ड्रायव्हर. खडखड शोधायला ३० ते १०० हर्ट्झ हळूहळू फिरवा. एखाद्या जागी पत्रा वाजल्यासारखं झालं तर तो नग सदोष.

ब्ल्यूटूथ नापास का, ते दोन आकड्यांत सांगतो. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) उशीर १५० ते २५० मिलिसेकंद पडतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे गोळी दिसल्यावर नऊ ते पंधरा फ्रेमनी ऐकू येणार. दुसरं, माईक चालू केला की जुनं ब्ल्यूटूथ फोनकॉलच्या प्रोफाइलवर उतरतं. तिथं सॅम्पलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झ, आवाज मोनो. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतच आवाज पोचतो, म्हणून ८,००० हर्ट्झच्या वर काहीच नाही आणि डावं-उजवंही नाही. एलई ऑडिओ या ब्ल्यूटूथच्या नव्या पद्धतीनं हे बरंच सुटतं, पण दोन्ही टोकांना त्याचा आधार हवा. गाण्यांना ब्ल्यूटूथ ठेवा, मॅचला डोंगल.

डोंगलची खरखर. लेखात ते नव्हतं कारण तो हेडसेटचा गुण नाही, जागेचा आहे, पण तुमचा प्रश्न खरा आहे. निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून डेटा धावतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट पसरतो. इंटेलनं २०१२ साली यावर सविस्तर लिहिलंय. तुमचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. खात्री करायची असेल तर शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्डडिस्क लावून मोठी फाइल कॉपी करा. खरखर वाढली तर चोर सापडला. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टला लावा, किंवा त्याहून चांगलं, मीटरभर एक्स्टेन्शन केबलनं कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर आणा. पत्र्याचं कॅबिनेट आणि तुमचं स्वतःचं शरीर, दोन्ही सिग्नल अडवतात. एवढ्यानं न भागल्यास राउटरकडे वळा. राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये भिंतीपलीकडे दहा वायफाय दिसतात आणि सगळी २.४ वर. आपलं २.४ चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्कं करा, रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवा, मोबाईल-टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर न्या. मग राहिली खरखर तर फर्मवेअर, म्हणजे हेडसेटमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करून बघा.

तुम्ही रेक्झिनच्या बाजूनं लिहिलंय, की त्यात बास घट्ट येतो. येतोच, कापडाचं कुशन थोडा बास सोडतंच. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा ओली असते, आणि हलक्या रेक्झिनवरचा पॉलियुरेथेनचा थर ओल आणि घाम खाऊन आतून तुटत जातो. माळ्यावरच्या कोल्हापुरीवर चढलेली बुरशी निदान दिसते तरी; रेक्झिनचं बिनसलेलं काळे पापुद्रे मानेला चिकटायला लागल्यावरच कळतं. खेळून झालं की ओलसर कापडानं पुसा, पंख्याखाली वाळवा, लगेच डब्यात बंद करू नका. सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात नको, थर लवकर चिरतो. घेतानाच बघा की कुशन खाचेतून निघतं की चिकटवलेलं आहे, आणि बदली कुशन मिळतं का. बदलताना जाडी मूळ कुशनएवढीच घ्या. पाच मिलिमीटरनं कान-ड्रायव्हर अंतर बदललं तरी आवाज वेगळा होतो.

फट राहिली की माणूस पंख्याच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम वाढवतो, हेही यातच आलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलवर. दर ३ डेसिबलला तास निम्मे. ८९ वर गेलात तर आठवड्याचे ५ तास, म्हणजे रविवारची एक दुपार.

परत करायचं का? मुदत संपायच्या आत ४० हर्ट्झची दाब-चाचणी चष्म्यासह करा आणि ड्रायव्हरची खडखड शोधा. खडखड असेल तर आजच परत. फट असेल आणि कुशन निघणारं नसेल, तरी परत. नुसती डोंगलची खरखर असेल तर आधी एक्स्टेन्शन केबल आणा. आणि ठेवणारच असाल तर डोंगल सुटा विकत मिळतो का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून ठेवा. बऱ्याच मॉडेलमध्ये तो हरवला की हाती फक्त ब्ल्यूटूथ उरतं, आणि काहींत तेही नाही.